प्रवाळटाकीची प्रकाशयोजना

घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवण्यासाठी केलेली कृत्रिम दिव्यांची योजना. नुसते मासे पाळायचे असतील तर दिवा बघणाऱ्याच्या हौसेसाठी असतो. प्रवाळांच्या टाकीत तो खाद्याची जागा घेतो. बहुतेक पाळीव प्रवाळांच्या ऊतींत झूझँथेली ही एकपेशीय सहजीवी शैवाले राहतात आणि प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा पॉलिपला, म्हणजे प्रवाळाच्या इवल्या प्राण्याला, देतात. कठीण प्रवाळांचा चुनकट सांगाडाही उजेडात अधिक वेगाने वाढतो. ट्युबास्ट्रियासारख्या प्रवाळांत ही शैवाले नसतात. त्यांना दिवा नको, पण वेळच्या वेळी भरवावे लागते.

दिव्याच्या खोक्यावरील वॅट आणि ल्युमेन यांचा इथे फारसा उपयोग नाही. ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेले असून डोळ्याला 555 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट प्रकाश सर्वांत जास्त जाणवतो. समुद्रात लाल किरण वरच्या काही मीटरांतच शोषले जातात आणि निळे खोलवर पोचतात. झूझँथेलीही निळा प्रकाश चांगला वापरतात. म्हणून प्रवाळटाकीच्या एलईडी दिव्यांत 450 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या डायोडांवर भर असतो. अशी टाकी डोळ्यांना मंद वाटते, आणि तेवढ्यावरून दिवा वाढवणारे प्रवाळ भाजून बसतात.

खरे माप ‘पार’ (PAR), म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा 400 ते 700 नॅनोमीटरमधला प्रकाश. तो मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद या एककात, संवेदक पाण्यात बुडवून, प्रवाळ बसवायचा त्याच जागी मोजावा. ढोबळमानाने मऊ प्रवाळांना 50 ते 150, तर अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळांना 200 ते 350 पुरतो. एकाच दिव्याखाली खडकाच्या माथ्यावर 300 आणि तळाच्या वाळूत 80 असे आकडे सहज मिळतात. त्यामुळे टाकीला दिवा शोधण्याइतकेच दिव्याखाली प्रवाळाची जागा शोधणे महत्त्वाचे असते.

मेटल हॅलाइड दिवे लखलखीत, पण पाणी तापवतात. टी5 या बारीक फ्लुरोसंट नळ्यांचा प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो. मात्र त्या साधारण वर्षभरात बदलाव्या लागतात. एलईडी कमी विजेत चालतो आणि हवा तसा मंद करता येतो. त्याचा दोष सावलीचा: एकाच लहान दिव्याखाली अ‍ॅक्रोपोराच्या फांद्यांची खालची बाजू निस्तेज पडते. लांब टाकीवर एका जबर दिव्यापेक्षा दोन मध्यम दिवे केव्हाही बरे.

प्रकाश कमी पडल्यास प्रवाळ तपकिरी होतात, एकदम वाढल्यास शैवाले गमावून पांढरे पडतात. नवा दिवा निम्म्या तीव्रतेवर लावून काही आठवड्यांत हळूहळू चढवतात. रोज 8 ते 10 तास पूर्ण प्रकाश पुरतो, आणि रात्रीचा अंधारही लागतो. उडणाऱ्या तुषारांमुळे भिंगांवर मिठाचा पापुद्रा धरतो. तो वरचेवर पुसला नाही तर आकडे नकळत घसरतात.