मिठापासून चुन्यापर्यंत : गरोदरपणातील आहार आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या

गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यानंतर काही स्त्रियांचा रक्तदाब वाढू लागतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, हातापायांवर आणि चेहऱ्यावर सूज येते आणि त्यांतील काही जणींना आकडीही येते. आकडीपर्यंत गेलेल्या अवस्थेला एक्लॅम्प्सिया आणि तिच्या आधीच्या अवस्थेला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. हा मुळात शरीरातील बारीक रक्तवाहिन्यांचा आजार आहे हे स्पष्ट व्हायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडला. मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून, दिसेल त्या लक्षणावरून अंदाज बांधून, गरोदर बाईच्या ताटातून एकेक पदार्थ काढून घेतला जात होता.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील जॉन लीव्हर यांनी १८४३ मध्ये आकडी आलेल्या बाळंतिणींच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन असल्याचे दाखवले. इटालियन डॉक्टर रिव्हा-रोची यांचे दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन १८९६ मध्ये आले आणि त्यानंतर वाढलेला दाबही नोंदींमध्ये दिसू लागला. रक्तात कसले तरी विष साठत असावे या समजुतीने या विकाराला ‘टॉक्सिमिया’ म्हटले गेले. ते विष कधीच सापडले नाही, पण नाव पुढे अनेक दशके टिकले आणि त्यासोबत पथ्येही टिकली. पहिल्या महायुद्धात जर्मनीत मांस आणि चरबीचा तुटवडा पडला, त्या काळात आकडीचे प्रमाण घटल्याचे तेथील डॉक्टरांच्या लक्षात आले आणि मांस कमी करण्याच्या सल्ल्याला जणू पुरावाच मिळाला. हा विकार पहिलटकरणींमध्ये अधिक आढळतो आणि पुरुष आघाडीवर गेल्यामुळे पहिली बाळंतपणेच कमी झाली होती, ही बाब त्या उत्साहात मागे पडली.

मिठाची गोष्ट याहून लांबली. सूज म्हणजे अंगात साठलेले पाणी, पाणी साठते मिठामुळे, म्हणून मीठ तोडा, हा हिशेब इतका सरळ होता की तो तपासून पाहण्याची गरज फार थोड्यांना वाटली. लंडनमध्येच मार्गारेट रॉबिन्सन यांनी ती तपासणी केली. दोन हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांपैकी काहींना मीठ कमी आणि काहींना अधिक खाण्यास सांगून त्यांनी १९५८ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा टॉक्सिमियाचे प्रमाण कमी मीठ खाणाऱ्यांतच जास्त निघाले. तरीही नेदरलँड्समध्ये अळणी आहाराचा सल्ला १९९०च्या दशकापर्यंत सर्रास दिला जात होता, आणि ‘अंगावर सूज आहे, मीठ कमी कर’ हे वाक्य आपल्या घरांतूनही अजून गेलेले नाही. वास्तविक या आजारात केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी पाझरून ऊतींमध्ये उतरते. त्यामुळे पाय सुजलेले दिसत असतानाच रक्तवाहिन्यांच्या आत द्रव अपुरा पडलेला असतो.

हे चित्र उलगडण्याची सुरुवात गर्भाशयाच्या भिंतीपासून झाली. ब्रोझेन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन यांनी १९६७ मध्ये वारेखालच्या (प्लॅसेंटाखालच्या) नागमोडी धमन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी गरोदरपणात वारेच्या पेशी या धमन्यांमध्ये शिरतात, त्यांच्या भिंतीतील स्नायूंचा थर नाहीसा होतो, आणि आधी आकुंचन पावू शकणारी अरुंद नळी रुंद, सैल प्रवाहमार्ग बनते. प्रीएक्लॅम्प्सियात हा बदल अर्धवट राहतो, असे याच गटाने १९७२ मध्ये दाखवले. पुढे १९८९ मध्ये जेम्स रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी हा रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराचा विकार असल्याची मांडणी केली. त्यामुळे मूत्रपिंड, यकृत, मेंदू आणि डोळ्याचा पडदा या दूरदूरच्या अवयवांतील बिघाड एका सूत्रात आले. बॉस्टनमध्ये अनंत करुमंची यांच्या गटाने २००३ मध्ये असे दाखवले की वारेतून जास्त प्रमाणात सुटणारे एक प्रथिन, रक्तवाहिन्यांचे अस्तर टिकवणाऱ्या वाढ-घटकांना अडवून ठेवते. एका अर्थाने जुन्या डॉक्टरांचे ते ‘विष’ सापडले, पण ते जेवणातून आलेले नव्हते.

मग आहाराचा संबंध उरतो कुठे? त्याचे सर्वांत भक्कम उत्तर ग्वाटेमालातून आले. तेथील माया या मूळ रहिवासी समाजातील स्त्रिया गरीब होत्या, त्यांचे खाणे बेताचे होते, तरीही त्यांच्यात आकडीचे प्रमाण कमी होते. होसे बेलिझान आणि होसे व्हिलार यांनी १९८० मध्ये याचे कारण त्यांच्या मक्यात असावे असे सुचवले. तेथे मका चुन्याच्या पाण्यात उकळून, भिजवून, मग वाटून त्याच्या पोळ्या करतात आणि त्यातून रोज भरपूर कॅल्शियम पोटात जाते. कॅल्शियम कमी पडले की पॅराथायरॉइड संप्रेरक आणि मूत्रपिंडातून सुटणारे रेनिन वाढतात, धमन्यांच्या स्नायूपेशींच्या आत कॅल्शियम अधिक शिरते आणि त्या आवळतात, असा हा तर्क आहे. चुन्याच्या निवळीची माहिती असलेल्या मराठी वाचकाला तो फारसा परका वाटणार नाही.

अर्जेंटिनात १९९१ मध्ये रोज दोन ग्रॅम कॅल्शियम देऊन केलेल्या चाचणीत उच्च रक्तदाबाचे विकार १४.८ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर आले. अमेरिकेत मात्र १९९७ मध्ये ४,५८९ स्त्रियांवरील चाचणीत काहीच फरक दिसला नाही, कारण त्यांच्या जेवणात कॅल्शियम आधीच पुरेसे होते, असा त्याचा अर्थ बहुतेकांनी लावला. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅल्शियम कमी खाणाऱ्या, भारतासह सहा देशांतील ८,३२५ स्त्रियांवर चाचणी प्रसिद्ध केली. तीत प्रीएक्लॅम्प्सियाच्या प्रमाणात ठोस घट दिसली नाही, पण आकडी आणि गंभीर रक्तदाब मात्र कमी झाले.

भारत सरकारने २०१४ मध्ये चौदाव्या आठवड्यापासून रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या देण्याचे धोरण आखले. त्या लोहाच्या गोळीसोबत घ्यायच्या नसतात, कारण कॅल्शियम लोहाचे शोषण अडवते. २०२४ मध्ये बंगळुरू आणि टांझानियातील, प्रत्येकी अकरा हजार स्त्रियांच्या चाचण्यांत प्रीएक्लॅम्प्सिया रोखण्यात रोजचे ५०० मिलिग्रॅम हे १,५०० मिलिग्रॅमच्या तोडीचे ठरले. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते हे लक्षात घेता, ही मात्रा ताटाच्या आवाक्याबाहेरची नाही.

अडचण वेळेची आहे. नागमोडी धमन्यांचा बदल साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत उरकतो, आणि बहुतेक चाचण्यांत कॅल्शियम सुरू झाले ते त्याच सुमारास. म्हणून दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि अर्जेंटिनात, आधीच्या खेपेला हा त्रास झालेल्या स्त्रियांना दिवस राहण्यापूर्वीपासूनच रोज ५०० मिलिग्रॅम देऊन पाहिले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण २३ टक्के विरुद्ध २९ टक्के असे निघाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. मात्र ज्यांनी गोळ्या जवळजवळ न चुकता घेतल्या होत्या, त्यांच्यात तो अधिक ठळक होता.