ओबोन आणि ओहिगान: एकात पितर येतात, दुसऱ्यात आपण जातो

जपानच्या ओबोनला आपल्याकडे ‘जपानी पितृपक्ष’ म्हणतात. मग सप्टेंबरातल्या ओहिगानचे फोटो दिसतात, तिथेही समाध्या धुणं, फुलं, उदबत्त्या, आणि त्यालाही तेच नाव चिकटतं. समाधीपाशी दोन्ही वेळा जातात, हे खरंच. पण ओबोनला पितर घरी मुक्कामाला येतात. ओहिगानला ते येत नाहीत; माणसंच त्यांच्याकडे जातात.

ओबोन बहुतेक ठिकाणी १३ ते १६ ऑगस्ट. पहिल्या संध्याकाळी दारात छोटा जाळ करतात, पितरांना वाट दिसावी म्हणून. हा ‘मुकाएबी’. काड्यांचे पाय टोचून काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय करतात. येताना घोड्यावरून लवकर या, जाताना गायीवरून सावकाश जा! मला या सणातलं हेच सर्वांत हृद्य वाटतं. शेवटच्या दिवशी निरोपाचा जाळ, ‘ओकुरिबी’. क्योतोत १६ ऑगस्टच्या रात्री पाच डोंगरांवर तो भव्य रूपात पेटतो. आवाहन, पाहुणचार, निरोप, हा क्रम पाहिला की मला पितृपक्षापेक्षा आपल्या गौरी आठवतात. शिवाय रात्री सगळी वस्ती गोल धरून नाचते, तो ‘बोन-ओदोरी’. पितृपक्षात आपण शुभकार्यही टाळतो, तिथे ढोल वाजतात.

मूळ कथा मात्र भारतातल्या माणसांची आहे. बुद्धांचे शिष्य मौद्गल्यायन यांना आपली आई प्रेतयोनीत भुकेली दिसली. वर्षावास, म्हणजे भिक्षूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपताना भिक्षुसंघाला अन्नदान कर, असं बुद्धांनी सांगितलं आणि ती सुटली. ही कथा उल्लंबन सूत्रात येते. पूर्वी ओबोन चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात असे. १८७३ साली जपानने ग्रेगरियन कॅलेंडर घेतलं, म्हणून तोक्योत बरेच जण नव्या कॅलेंडरच्या सातव्या महिन्यात, जुलैतच ओबोन करतात आणि ओकिनावा अजून जुनं पंचांग पाळतं.

ओहिगान वर्षातून दोनदा येतं, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. विषुवदिन मधोमध, त्याच्या आधी तीन दिवस आणि नंतर तीन. ‘हिगान’ म्हणजे पैलतीर. पारमिता, म्हणजे बौद्ध साधनेत पूर्णत्वाला न्यायचे सद्गुण, या शब्दाचा अर्थही पैलतीरी पोहोचणं असाच लावला जातो, आणि दहा पारमिता आपल्याकडच्या बौद्ध घरांत परिचयाच्या आहेत. विषुवदिनी सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो, अमिताभ बुद्धांचा आनंदलोक ‘सुखावती’ तिकडेच, म्हणून हे दिवस. दोन्ही विषुवदिन सार्वजनिक सुट्टीचे आहेत. ओबोनला तशी सुट्टी नाही, तरी पुष्कळ कचेऱ्या बंद असतात.

तारखेने पितृपक्षाच्या जवळ येतं ते सप्टेंबरातलं ओहिगान. जाळ, घोडा, नाच यातलं त्यात काही नसतं. असतो तो चिकट तांदळाचा, अर्धवट कुटलेला गोळा, वरून अझुकी या लाल कडधान्याच्या गोड पुरणाचा थर. वसंतात त्याला ‘बोतामोची’ म्हणतात, बोतान या फुलावरून. शरदात तोच ‘ओहागी’ होतो, हागीच्या फुलावरून. समाधीपुढे ठेवायचा आणि मग घरी सगळ्यांनी खायचा. याच सुमारास शेतांच्या बांधांवर लालभडक ‘हिगानबाना’ फुलते. तिचा कंद विषारी असतो. उंदीर, चिचुंद्र्या जमीन उकरू नयेत म्हणून ती बांधांवर आणि कबरींजवळ मुद्दाम लावलेली असते.