‘शरीराने स्वीकारलं नाही’ म्हणजे नेमकं काय?

गुडघ्यातला कृत्रिम सांधा असो की दुसऱ्याची किडनी, बिघडलं की आपण म्हणतो, ‘शरीराने स्वीकारलं नाही.’ या एका वाक्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी मिसळतात आणि त्यातून रुग्णांचं नुकसान होतं, म्हणून हे लिहितोय.

धातू किंवा प्लास्टिक आत गेलं की काही क्षणांत रक्तातली प्रथिनं त्यावर चिकटतात. मागोमाग भक्षक पेशी येतात. एवढी मोठी वस्तू त्यांना गिळता येत नाही. मग त्या एकमेकींत मिसळून महाकाय पेशी बनतात, आणि तरीही जमलं नाही की काही आठवड्यांत वस्तूभोवती कोलॅजेनचं आवरण तयार होतं. पेसमेकर बदलताना जुना कप्पा उघडला, की आत हेच गुळगुळीत, पांढुरकं आवरण दिसतं. बहुतेकदा त्याचा काही त्रास होत नाही. ब्रेस्ट इम्प्लांटभोवती मात्र ते कधीकधी आवळतं आणि दुखतं. टायटॅनियमला तर हाड थेट धरून बसतं.

किडनी जिवंत असते. तिच्या पेशींवर देणाऱ्याची ओळखखूण असते, एचएलए प्रथिनांची. ती परकी दिसली की टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, त्या किडनीच्या पेशींना मारायलाच निघतात, आणि ती खूण लक्षातही ठेवतात. 1943 साली पीटर मेडावर आणि सहकाऱ्याने भाजलेल्या एका रुग्णात हे पाहिलं: त्याच दात्याची त्वचा पुन्हा लावली, तर ती आधीच्यापेक्षा लवकर नष्ट झाली. 1954 मध्ये बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांत. एरवी सख्ख्या भावंडांतही एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एकच.

डुकराची हृदयझडप कुठे बसते? ती रसायनाने प्रक्रिया केलेली, निर्जीव असते. त्यामुळे तिच्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागत नाहीत. सांध्यालाही लागत नाहीत. तो सैल झाला तर बहुधा जंतुसंसर्ग असतो, किंवा झिजलेल्या कणांमुळे भोवतालचं हाड खंगलेलं असतं. निकेलसारख्या धातूची ॲलर्जी हा वेगळा, क्वचितचा प्रकार.

खरी भीती वाटते ती ‘किडनी आता रुळली’ म्हणून टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी स्वतःहून बंद करणाऱ्यांची. लघवी व्यवस्थित होते, अंगात बळ असतं, कुठे दुखत नाही. आणि पुढच्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडल्याची खूण, वाढलेलं निघतं.