एन-95 ही चाळणी नाही हो

"करोनाचा विषाणू 0.1 मायक्रॉनचा आणि मास्क अडवतो 0.3 पर्यंत, मग घालायचा काहून?" हा हिशोब (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्हॉट्सअ‍ॅपवर कितीदा वाचला असेल, पण परवा नागपुरातल्याच एका टीबी वॉर्डातल्या सिस्टरनं ऐकवला तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. वर म्हणते, "मे महिन्यात 45 डिग्रीत हे तोंडाले बांधून आख्खी ड्यूटी करून दाखवा भाऊ, कान दुखते, चष्म्यावर वाफ येते, म्हाताऱ्या पेशंटले ऐकू जात नाही." यावर मी काय बोलणार, खरंच आहे. हिशोब मात्र चुकीचा.

मास्कमध्ये भोकं नसतात, पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या अतिबारीक तंतूंचा गुंता असतो आणि तंतूंमधली फट कणापेक्षा बरीच मोठी असते. तरी कण अडकतो. कसा? मोठा कण जड, हवा तंतूला वळसा घालून जाते पण याला वळता येत नाही, सरळ जाऊन आपटतो. एकदम बारीक कणाला हवेचे रेणू चारी बाजूंनी धक्के देतात, तो आमच्या बर्डी बाजारातल्या दिवाळीच्या गर्दीत सापडलेल्या माणसासारखा ढकलला जातो (हीच ब्राउनियन गती) आणि कुठल्यातरी तंतूला टेकतो, टेकला की चिकटला. निसटतो तो मधला, 0.3 च्या आसपासचा, धड जड नाही धड हलका नाही. म्हणून परीक्षा त्याच्यावरच घेतात, 95 टक्के अडले तर पास.

शिवाय या तंतूंवर कायमचा विद्युतभार बसवलेला असतो, अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात पीटर त्साय यांनी यावर मोठं काम केलं. भारामुळे कण खेचले जातात, आणि सर्वात निसटणारा आकार 0.1 च्याही खाली सरकतो, पण विषाणू उघडा फिरतच नाही, थुंकीच्या थेंबात बसून येतो. आणि टीबीचा जंतू तर दोन-चार मायक्रॉन लांब, म्हणजे सिस्टरचा हिशोब तिच्या वॉर्डाला लागूच नाही! हा मास्क साबणानं धुतला किंवा त्यावर सॅनिटायझर मारलं की भार जातो, मास्क दिसतो तसाच पण काम अर्धवट. (2021 मध्ये कापूर-लवंगाची पोटली हुंगून ऑक्सिजन वाढवणाऱ्यांना तर नमस्कारच.)

चष्म्यावरची वाफ मात्र कामाची खूण आहे. नाकापाशी फट राहिली, श्वास तिथून वर येतोय, म्हणजे बाहेरची हवाही तिथून न गाळता आत जाऊ शकते. यासाठी फिट टेस्ट असते, मास्क घालून डोक्यावर टोपडं चढवतात, आत कडू फवारा मारतात, तोंड कडू झालं की मास्क नापास, दुसरा साइज बघा. सिस्टरला विचारलं, तुमची अशी टेस्ट कधी झाली? म्हणे, "आमच्याकडे एकच साइज येतो."