लाहुरे: नेपाळच्या परदेशी मजुरीची पार्श्वभूमी

बाहेरदेशी कमवायला गेलेल्या माणसाला नेपाळमध्ये आजही 'लाहुरे' म्हणतात. शब्द लाहोरवरून आलेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातली तरणी पोरं महाराजा रणजितसिंहांच्या फौजेत भरती व्हायला तिकडे जात. १८१६च्या सुगौली तहानंतर इंग्रजांच्या गोरखा पलटणींची वाट रुळली, तरी नाव लाहोरचंच राहिलं. आपल्या कोकणातला चाकरमानी गणपतीला येतो, हा दशैंला, म्हणजे नेपाळच्या दसऱ्याला.

१९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे भारतात यायला व्हिसाही लागत नव्हता. मुंबईत रात्री काठी आपटत फिरणारा गुरखा याच वाटेने आला. या सगळ्यात प्रशिक्षण मात्र कुठेच नव्हतं. सैनिकाला पलटण शिकवी, बाकीचे कामावरच शिकत.

आखाती देशांत मागणी वाढल्यावर १९८५मध्ये वैदेशिक रोजगाराचा कायदा झाला. त्याचा भर दलालांच्या परवान्यांवर. १९८९मध्ये गवंडी, प्लंबर, वायरमन घडवण्यासाठी तांत्रिक शिक्षणाची सीटीईव्हीटी ही परिषद निघाली. एक खातं माणसं पाठवी, दुसरं शिकवी. दोघांची गाठ क्वचितच पडे. १९९६ ते २००६च्या माओवादी युद्धात गावं रिकामी झाली. कतार, सौदी, मलेशियाची विमानं भरून जाऊ लागली, तीही बहुतेक अकुशल मजुरांनी.

ऑगस्ट २००४मध्ये जॉर्डनमध्ये काम देतो म्हणून नेलेल्या १२ नेपाळींची इराकमध्ये हत्या झाली. काठमांडूत जमावाने 'म्यानपावर' कचेऱ्या, म्हणजे मजूर पाठवणाऱ्या एजन्सी, फोडल्या. २००७च्या नव्या कायद्यात निघण्यापूर्वीचं अभिमुखीकरण, म्हणजे परदेशाची तोंडओळख करून देणारं प्रशिक्षण, सक्तीचं होतं. तिथले कायदे, हवामान, रस्ता कसा ओलांडायचा, असं दोन दिवसांचं. वर्गात न बसताच प्रमाणपत्र मिळतं, ही तक्रार जुनीच. त्याच सुमारास दक्षिण कोरियाशी सरकारी पातळीवर मजूर पाठवण्याचा करार झाला आणि भाषेची परीक्षा अट ठरली. लगेच काठमांडूत गल्लोगल्ली कोरियनचे क्लास निघाले. पलीकडून खरी अट आली की पोरं शिकतात, एवढं यावरून दिसतं.

२०१५मध्ये आखाती देश आणि मलेशियासाठी व्हिसा-तिकीट मालकाने द्यायचं, एजन्सीने फार तर १०,००० नेपाळी रुपये घ्यायचे, असा नियम आला. पावती तेवढ्याचीच फाडायची आणि हातात जास्त घ्यायचे, हीही रीत पडली. बाहेरून येणारा पैसा देशाच्या जीडीपीच्या पाव हिश्श्याच्या आसपास आहे. दोह्यात सळया बांधून परतलेल्याला आता सीटीईव्हीटीचीच कौशल्य परीक्षा थेट देता येते, वर्गात न बसता.