आश्विनी पुनव: नवे भात, थोरले मूल आणि चांदणे

आश्विन पौर्णिमा म्हटले की शहरात डोळ्यांपुढे येते ते गच्चीवरचे मसाला दूध. केशर, जायफळ, चारोळ्या आणि मध्यरात्रीपर्यंत रंगलेल्या गप्पा. पण याच तिथीला कोकणात दाराला ‘नवे’ बांधतात आणि महाराष्ट्रात अनेक घरांत थोरल्या अपत्याला ओवाळतात. शेताचे, शरीराचे आणि घराचे ऋण मानण्याचे हे तिन्ही रिवाज एकाच पुनवेवर आले आहेत, आणि त्यांची मुळे बरीच खोल आहेत.

सर्वांत जुना धागा धान्याचा. नवे पीक देवाला दिल्याशिवाय आपल्या तोंडात घालायचे नाही, हा वैदिक काळापासूनचा दंडक. त्यासाठीच्या इष्टीला, म्हणजे छोट्या यज्ञाला, आग्रयण म्हणत. शरदात ती भाताची असे, वसंतात जवाची. घरगुती विधींचा प्राचीन ग्रंथ असलेल्या आश्वलायन गृह्यसूत्रात आश्विन पौर्णिमेच्या ‘आश्वयुजी’ कर्माचा विधी आहे. घर सजवायचे, न्हाऊन स्वच्छ वस्त्रे नेसायची आणि दूधदुभत्यात तूप घालून केलेले ‘पृषातक’ ओंजळीने अग्नीला द्यायचे. तेव्हाचा मंत्र असा: ‘ऊनं मे पूर्यतां, पूर्णं मे मोपसदत्’. जे उणे आहे ते भरून येवो, जे भरले आहे ते ओसरू नये. या मागण्यातला दुसरा अर्धा भाग मला फार मोलाचा वाटतो. मागायला आलेला माणूस आपल्या घरात काहीतरी भरलेले आहे, हे आधी कबूल करतो.

मंत्र पुष्कळ घरांतून गेला, रिवाज मात्र राहिला. कोकणात ही ‘नव्याची पुनव’. सकाळी शेतात जाऊन विळ्याने भाताच्या चार लोंब्या कापून आणतात. त्यांच्यासोबत नाचणीचे किंवा वरीचे कणीस, कुरडूची फुले, झेंडू आणि आंब्याची पाने घेऊन सुतळीने लहान जुडी बांधतात. ती दाराच्या चौकटीला लागते, देवघरात जाते, आणि नांगराला, विहिरीला, धान्याच्या कणगीलाही बांधली जाते. ज्याच्या ज्याच्या जिवावर वर्ष निघाले, त्या प्रत्येकाला एक जुडी. मग नव्या तांदळाची खीर किंवा भात देवापुढे ठेवून घरातली माणसे जेवायला बसतात.

गोव्यात हेच नवे वेगळ्या दिवशी येते. तिथले हिंदू गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, नव्याच्या पंचमीला, नवी कणसे घरी आणतात. ख्रिस्ती गावांत कणसांचे फेस्त होते. सासष्टीतल्या राय गावचे ५ ऑगस्टचे फेस्त प्रसिद्ध आहे. पाद्री शेतातल्या पहिल्या कणसांना आशीर्वाद देतात आणि ती घरोघर जातात. धर्म बदलला तरी पहिली लोंबी आपली नव्हे ही समजूत बदलली नाही.

चांदण्याची बाजू वैद्यकातून येते. पावसाळ्यात साठलेले पित्त शरदाच्या अचानक तापलेल्या उन्हाने उसळते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहाव्या अध्यायात सांगितले आहे. आपण ज्याला ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो, तोच हा काळ. वैद्यांचे पोट भरते म्हणून शरदाला त्यांची आई म्हणणारे वचनही प्रसिद्ध आहे. दही, दिवसाची झोप आणि ऊन टाळावे, कडू औषधांनी सिद्ध केलेले तूप घ्यावे, असे चरक सांगतात. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने निर्मळ झालेले पाणी ते उत्तम मानतात. त्याला ‘हंसोदक’ असे नाव आहे. आणि सांजेला चंद्रकिरणांत बसावे, हेही याच अध्यायात येते. आजच्या मसाला दुधाची कृती त्यात नाही, पण चांदण्यात बसण्याला आधार आहे.

थोरल्या अपत्याच्या औक्षणाला ‘आश्विनी’ म्हणतात. मुलगा असो वा मुलगी, पहिले मूल पाटावर बसते. आई सुपारी आणि सोन्याच्या अंगठीने ओवाळते, मग निरांजनाने. नवे कपडे मिळतात. पहिले पीक हाती येते त्याच दिवशी पहिल्या मुलाचा मान व्हावा, हे मला अगदी सुसंगत वाटते. आयुष्य शरदांत मोजायची रीत तर ऋग्वेदाइतकी जुनी: ‘पश्येम शरदः शतं, जीवेम शरदः शतम्’. पावसाळा तरून शरद पाहिला म्हणजे आणखी एक वर्ष पदरात पडले, असा तो हिशेब असावा.

लक्ष्मीने ‘को जागर्ति’, म्हणजे ‘कोण जागे आहे’, असे विचारत फिरणे ही पौराणिक कथा सर्वांना ठाऊक आहे. विदर्भात भुलाबाईची गाणी आणि खिरापतीही याच रात्री संपतात. बौद्ध विहारांतला आषाढ पौर्णिमेपासूनचा वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्कामही, आश्विन पौर्णिमेला पूर्ण होतो. त्यानंतर उपासक भिक्खूंना चीवर, म्हणजे त्यांचे वस्त्र, देतात.

धर्मनिबंधांतल्या, म्हणजे व्रते-आचार सांगणाऱ्या संस्कृत संग्रहांतल्या, कोजागर व्रताच्या श्लोकात दुधाचे नाव नाही, नारळ आणि पोहे आहेत. या नारळ-पोह्यांनी देव आणि पितर यांना तृप्त करावे, आप्तांना खाऊ घालावे आणि मग आपण खावे, असा क्रम आहे. दुधाच्या पातेल्यामागे हा क्रम झाकला गेला, याचे मला वाईट वाटते, कारण सणाचा गाभा त्यातच आहे.

ऋतूही सरकतो आहे. हवामान विभागाने २०२० साली मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. परतीचा पाऊस पिकल्या भातावर कोसळला की लोंब्या आडव्या होतात आणि दाणा शेतातच कोंबारतो. ज्या वर्षी भात हाती लागते, त्या वर्षी पंधरवड्याने येणाऱ्या नरक चतुर्दशीला कोकण-गोव्यात नव्या भाताचे पोहे होतात: गुळाचे, दह्यातले, नारळाच्या रसातले. त्या सकाळी शेजारीपाजारी आणि भाऊबंद एकमेकांकडे पोहे खायला जातात.