लांब पल्ल्याची जुनी गाडी घरी उघडता येते, ती का?

जुनी टूरिंग मोटारसायकल घरच्या घरी दुरुस्त करणारा माणूस दिसला की त्याच्या हौसेचं आणि चिकाटीचं कौतुक होतं. हौस लागतेच, चिकाटीही लागते. पण ती दुरुस्ती घरी होणार की नाही, याचा खरा निर्णय मालकाच्या हातात गाडी येण्याआधीच, तिचा आराखडा काढताना झालेला असतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, कुठून सेट होणार, कार्बोरेटर काढायला काय काय उतरवावं लागणार, चार्जिंगच्या कॉइलसाठी इंजिन खाली घ्यावं लागणार का, हे त्या त्या वर्षी कुणीतरी ठरवलेलं असतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी कोणत्या काळातली आहे हे समजून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

मोटारसायकलच्या सुरुवातीच्या काळात चालवणारा आणि दुरुस्त करणारा हे दोघे वेगळे नव्हतेच. कितीतरी गाड्यांत तेल हातपंपाने मारावं लागे. पेट्रोल आणि तेल दोन्ही आजच्या मानाने कच्ची असल्याने पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा थर साचे, आणि ठरावीक अंतराने हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) उघडून तो खरवडणं हा नेहमीच्या देखभालीचाच भाग होता. लांब जायचं तर गॅरेज भेटेल याची खात्री नाही, त्यामुळे सीटखालची टूल किट खरोखर काम करण्याइतकी भरलेली असे.

या गरजेला रचनेतूनच उत्तर देणारी गाडी १९२३ साली आली, बीएमडब्ल्यूची आर ३२. माक्स फ्रिट्झ यांनी तिचं इंजिन असं आडवं बसवलं की दोन्ही सिलिंडर फ्रेमच्या बाहेर, थेट वाऱ्यात आले, आणि मागच्या चाकाला ताकद चेनऐवजी शाफ्टने गेली. शाफ्टमुळे चेनला तेल देणं, ती ताणणं, स्प्रॉकेट बदलणं ही सगळी कामंच संपली. सिलिंडर बाहेर असल्यामुळे इंजिन थंड राहायचं, आणि घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे व्हॉल्व्हचं झाकण स्टूलवर बसून समोरासमोर उघडता यायचं.

हीच मांडणी १९६९ च्या स्लॅश-फाइव्ह मालिकेतून पुढे आली आणि हवेवर थंड होणाऱ्या या बॉक्सर (दोन बाजूंना आडव्या सिलिंडरच्या) गाड्या १९९६ पर्यंत बनत राहिल्या. त्यांचं टॅपेट सेटिंग एकदा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण घरच्या दुरुस्तीसाठी रचना कशी असावी याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही. इंजिन पूर्ण थंड हवं. दोन्ही प्लग काढायचे, गाडी डबल स्टँडवर घेऊन वरचा गिअर टाकायचा आणि मागचं चाक हाताने फिरवायचं. इंजिनच्या बाजूला एक छोटी खिडकी असते. तिच्यातून फ्लायव्हीलवर कोरलेली ‘ओटी’ ही अक्षरं दिसली की पिस्टन वरच्या टोकाला आला. ज्या बाजूचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) सैल हलतात, ती बाजू सेट करायची. हेडचे नट आधी ठरलेल्या टॉर्कला पाहून घ्यायचे, कारण ते नंतर कसले तर गॅप बदलतो. मग फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्या. बऱ्याच मॉडेलांत आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१० मिलिमीटर आणि बाहेर सोडणाऱ्याला ०.२० मिलिमीटर. लॉकनट सैल, स्क्रू थोडा इकडे-तिकडे, पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे, नट घट्ट, आणि पुन्हा एकदा तपासणी, कारण नट घट्ट करताना स्क्रू हमखास हलतो. टाकी उतरवावी लागत नाही, रेडिएटर नाही, खास अवजार नाही.

ब्रिटिश गाड्यांकडे पाहिलं तर अडचण वेगळीच होती. इंजिन साधं, पण बोल्टच्या आट्यांचा गोंधळ. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली ५५ अंशांच्या आट्याचं प्रमाण मांडलं. पुढे सायकल उद्योगाने स्वतःचे बारीक आटे आणले, आणि साठच्या दशकाच्या शेवटी कारखाने युनिफाइड या आणखी एका पद्धतीच्या आट्यांकडे वळू लागले. त्या संक्रमणकाळातल्या एकाच गाडीवर तीन पद्धतींचे बोल्ट सापडू शकतात. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही. हे माहीत नसेल तर ‘जवळपास बसतो’ म्हणून मेट्रिक पाना लावला जातो आणि नटाचे कोपरे गोल होतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांची खराब झालेली डोकी बहुतेक अशीच खराब झालेली असतात.

मग १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० आली. एका ओळीत चार सिलिंडर, ७३६ सीसी, पुढे डिस्क ब्रेक, सेल्फ स्टार्ट. क्रँककेस (इंजिनचा खालचा सांगाडा) आडवी दुभंगणारी, त्यामुळे जोड तेलाच्या पातळीच्या वर राहिला आणि तेलगळतीचा जुना त्रास पुष्कळ कमी झाला. मोठी गाडी घेऊन दूर जाण्यासाठी आता मेकॅनिक असण्याची सक्ती राहिली नाही. पण टॅपेट अजून स्क्रू आणि लॉकनटचेच होते, इग्निशन पॉइंटचं (ठिणगीची वेळ साधणाऱ्या, उघडझाप करणाऱ्या संपर्कांचं) होतं आणि मालकाला दिलेल्या पुस्तिकेत हे सगळं कसं करायचं ते लिहिलेलं होतं. सत्तरच्या दशकातल्या जपानी गाड्या घरच्या कामाला इतक्या अनुकूल का, याचं उत्तर या मधल्या स्थितीत आहे. भरवसा नव्या जमान्याचा होता आणि उघडण्याची सोय अजून जुन्याच जमान्याची होती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माहीत नसल्याने कितीतरी इंजिनांची झाकणं विद्रूप होतात. जपानी गाड्यांवरचे अधिकच्या चिन्हाचे स्टार स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी ते जपानच्या जेआयएस प्रमाणाचे असतात. खाचेचा आकार थोडा वेगळा असल्याने फिलिप्सचं टोक तळापर्यंत बसत नाही आणि जोर लावला की वर उसळून खाच खाऊन टाकतं. काही स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, ती जेआयएसची खूण. योग्य टोकाचा स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर एवढं जवळ असलं, तर अनेक वर्षं न हललेला स्क्रूही डोकं शाबूत ठेवून निघतो.

१९७४ च्या कोलोन प्रदर्शनात होंडाने गोल्ड विंग दाखवली आणि १९७५ मध्ये जीएल १००० विक्रीला आली. ९९९ सीसीचं आडवं चार सिलिंडरचं इंजिन, पाण्यावर थंड होणारं, मागे शाफ्ट. पेट्रोल सीटखाली, वर टाकीसारखं दिसतं ते नुसतं झाकण, आणि त्याच्या आत इलेक्ट्रिकचा काही भाग, एअर फिल्टर आणि सुटी काढून ठेवलेली किकची दांडी. बॅटरी उतरली तर दांडी काढून लावायची आणि किक मारायची. सेल्फवर पूर्ण विश्वास टाकायला कारखानाही अजून तयार नव्हता, हे त्या दांडीवरून कळतं.

जीएल १००० च्या इंजिनात एकाच वेळी दोन काळ नांदतात. टॅपेट स्क्रूचे, पॉइंट जुन्या पद्धतीचे. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे शाफ्ट) मात्र मोटारीसारखे रबरी दातेरी पट्ट्यांवर. पट्टा तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. म्हणून अशी गाडी नव्याने हातात आली की बाकी काही करण्याआधी पट्टे बदलावेत. मागच्या मालकाच्या शब्दावर इंजिन पणाला लावू नये. पट्टे इंजिनच्या पुढच्या तोंडाशी, झाकणांमागे आहेत आणि खुणा नीट जुळवल्या तर हे काम घरी व्यवस्थित होतं.

स्टेटरचं मात्र तसं नाही. वीज तयार करणारी ही कॉइल इंजिनच्या मागच्या बाजूला आत बसवली आणि तीच जागा जीएल ११०० व जीएल १२०० मध्येही राहिली. ती जळली की बदलायला अख्खं इंजिन फ्रेममधून बाहेर काढावं लागतं. इतक्या विचारपूर्वक बनवलेल्या गाडीत हा निर्णय मला चुकीचा वाटतो, विशेषतः दिवे, रेडिओ आणि गरम कपडे यांचा भार वाढतच जाणार हे टूरिंग गाडीत दिसत असताना. मालकांनी शोधलेला उपाय म्हणजे पुढच्या बाजूला पट्ट्यावर फिरणारा मोटारीचा छोटा अल्टरनेटर बसवणं. १९८८ च्या सहा सिलिंडरच्या जीएल १५०० मध्ये कारखान्यानेही अल्टरनेटर बाहेरून काढता येईल असा बसवला.

वाऱ्यापासून संरक्षण देणाऱ्या फेअरिंगची कथा घरच्या दुरुस्तीशी फार जवळून जोडलेली आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत क्रेग व्हेटर यांची विंडजॅमर फेअरिंग वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर बसवली जाऊ लागली. मालक ती स्वतः लावत आणि स्वतः काढत. १९७६ च्या बीएमडब्ल्यू आर १०० आरएसला पूर्ण फेअरिंग कारखान्यातूनच मिळाली आणि १९८० च्या जीएल ११०० इंटरस्टेटला फेअरिंगबरोबर सामानाच्या पेट्याही. प्रवास सुखाचा झाला, पण इंजिनपर्यंत पोचायला आधी प्लॅस्टिक उतरवणं आलं. ऐंशीच्या दशकातल्या पूर्ण आच्छादलेल्या गाडीत प्लग बदलण्याहून पॅनेल काढण्यात जास्त वेळ जातो, आणि जुन्या प्लॅस्टिकचे कान एकदा तुटले की तसे नवे मिळणं कठीण.

घरच्या मेकॅनिकला कायद्यानेही एका ठिकाणी अडवलं. अमेरिकेत १९७८ च्या मॉडेलांपासून मोटारसायकलींच्या धुराला मर्यादा आल्या. मिश्रण पातळ ठेवलं गेलं, आणि लवकरच कार्बोरेटरच्या मिश्रणाच्या स्क्रूवर पितळी टोपी ठोकून बसवली जाऊ लागली, म्हणजे मालकाने तो फिरवू नये. अनेक वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत त्या स्क्रूमागचा मार्ग सुकलेल्या पेट्रोलने बुजतो आणि टोपी काढल्याशिवाय तो साफ होतच नाही. आयडलला गाडी बंद पडते, चोक दाबला की चालते, अशी तक्रार बहुतेक वेळा इथे किंवा पायलट जेटमध्ये (आयडलचं पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) असते. चार कार्बोरेटर असले की साफसफाईनंतर ते एकमेकांशी जुळवावेही लागतात. पूर्वी त्यासाठी पाऱ्याच्या चार काचनळ्या वापरत, आता गेज असतात. कानाने जुळवतो असं म्हणणाऱ्यांबद्दल आदर ठेवूनही, गेज लावाच असं मी सांगेन.

घरी काम करणाऱ्याला बळ मिळालं ते छापील मॅन्युअलमधून. जॉन हेन्स यांनी १९६० मध्ये प्रकाशन सुरू केलं आणि १९६६ मध्ये एका ऑस्टिन-हीली स्प्राइट मोटारीवर त्यांचं पहिलं वर्कशॉप मॅन्युअल निघालं. गाडी खरोखर पूर्ण खोलायची, पायरीपायरीने फोटो काढायचे, पुन्हा जोडायची, ही त्यांची पद्धत पुढे मोटारसायकलींनाही लागू झाली. कारखान्याचं मॅन्युअल शिकलेल्या मेकॅनिकसाठी लिहिलेलं असे आणि बरंच गृहीत धरी. कोणता बोल्ट आधी सैल करायचा, कुठे हात पोचत नाही, हे अशा पुस्तकांनी दाखवलं.

पुढे कामाचं स्वरूपच पालटलं. १९८० च्या सुमारास बहुतेक मोठ्या गाड्यांतून पॉइंट गेले. महिन्याभराच्या फिरस्तीनंतर पॉलिश पेपर घासून गॅप लावण्याची कटकट मिटली, पण पॉइंट रस्त्याच्या कडेला ठीक होत आणि त्याजागी आलेला इलेक्ट्रॉनिक इग्निटर जळला तर होत नाही. १९८३ च्या बीएमडब्ल्यू के १०० मध्ये कार्बोरेटरच्या जागी बॉशचं पेट्रोल इंजेक्शन आलं. १९८४ च्या जीएल १२०० मध्ये फट आपोआप राखणारे हायड्रॉलिक टॅपेट आले आणि टॅपेट सेटिंग हे कामच उरलं नाही. १९८८ मध्ये के १०० ला इलेक्ट्रॉनिक एबीएस मिळालं. २००४ च्या आर १२०० जीएसपर्यंत गाडीच्या साऱ्या विजेचं बोलणं कॅन बसवरून (सगळ्या भागांना जोडणाऱ्या संदेशवाहिनीवरून) होऊ लागलं आणि काही दोष वाचायलाच संगणक लागू लागला. घरी पूर्ण उघडता येणाऱ्या टूरिंग गाड्यांचा काळ ढोबळमानाने १९६९ ते १९९० च्या आसपासचा, असं मी धरतो.

त्या गाड्या बनल्या तेव्हाचं तेल आणि पेट्रोलही आज नाही. शिसं घातलेलं पेट्रोल जुन्या व्हॉल्व्ह सीटांचं रक्षण करी. २०२१ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते जगातून पूर्ण संपलं, त्यामुळे हेड उघडलंच तर कडक सीट बसवून घेणं शहाणपणाचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या फुगवतं. मोटारींच्या इंजिन ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं वाढली आणि तेलात बुडालेले क्लच घसरू लागले, म्हणून १९९८ मध्ये जपानमध्ये मोटारसायकलींसाठी जासो एमए हे प्रमाण आलं. डब्यावर ते अक्षर आहे की नाही एवढं पाहिलं तर क्लच प्लेट वाचतात. जुन्या बॉक्सरचा क्लच कोरडा असल्याने त्याला हा प्रश्न येत नाही.

आता या गाड्यांना थांबवतं ते बहुधा रबर आणि वायरिंग. क्रँक, गिअर, शाफ्ट नीट तेल मिळालं तर फार काळ टिकतात. कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबरी जोडण्या मात्र दगडासारख्या होतात, त्यांतून हवा शिरते आणि कितीही जेट साफ केले तरी आयडल स्थिर होत नाही. थंड इंजिन चालू ठेवून जोडणीभोवती साबणाचं पाणी फवारलं आणि आवाज बदलला, तर गळती तिथे आहे. वायरिंगमध्ये आधी स्टेटरपासून रेग्युलेटरपर्यंतचे (व्होल्टेज मर्यादेत ठेवणाऱ्या भागापर्यंतचे) कनेक्टर पाहावेत. हिरवट किंवा भाजलेली पिन दिसली की ती बदलून, नवीन वायर जोडून मगच पुढे जावं. त्या काळचे बरेच रेग्युलेटर जास्तीची वीज अर्थला, म्हणजे गाडीच्या फ्रेमला, सोडून देत आणि तापत राहत. आज मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारे, कमी तापणारे रेग्युलेटर त्याच जागी बसतात, आणि ते बसवल्यावर बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून चालत्या इंजिनला साधारण १४ व्होल्ट मिळतात का, एवढं तपासायचं.